कोपऱ्यातली नववी बाई

तो हार आधी काढा. भिंतीवरच्या माझ्या भरलेल्या कापडाच्या उजव्या कोपऱ्यावर झेंडूचा एवढा जाडजूड हार लोंबतोय, तो. शोभेसाठी लावलाय म्हणे. शोभा मधोमध करतात, कोपऱ्यात नाही. सात फुटांचं कापड, चौदा महिन्यांचं काम, आणि हार नेमका दीड वितीच्या तेवढ्याच जागेवर? माझे दोन्ही मोतीबिंदू काढून झालेत, मला चांगलं दिसतं. काढा म्हटलं ना? कुणी उठत नाही. बरं. राहू दे. त्या हाराकडे मी परत येणार आहे.

आता रीतीचं बोलते. समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन तात्या, बँकेतून रजा टाकून आलेल्या प्रमुख पाहुण्या मॅडम, व्यासपीठावरची कमिटी, तिचा सेक्रेटरी अजित, पुढच्या रांगेतल्या माझ्या वयाच्या बाया, मागे मोबाईल बघत बसलेली त्यांची नातवंडं, आणि वडे आले का म्हणून दाराशी उभे असलेले बंधू, तुम्हा सगळ्यांना शेवंता रामजी तांबेचा जय भीम.

मी तिसरी पास आहे. हे भाषण कुणी लिहून दिलेलं नाही. बारा पानं आहेत, पण घाबरू नका, एका पानावर सातच ओळी मावतात माझ्या.

मला पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून तुम्ही शाल दिलीत, नारळ दिलात, सन्मानपत्र दिलंत. अजितने ते वाचलं, आवाज छान आहे त्याचा. त्यात लिहिलंय, ‘श्रीमती तांबे यांनी फावल्या वेळात भरतकामाचा छंद जोपासला.’ मंडळी, हा फावला वेळ दिसतो कसा? मला पंच्याहत्तर वर्षांत एकदाही भेटला नाही. आणि नुसतं भरतकाम? मी टॅबवर चित्रं काढते, ती कुठे गेली? मी गोष्टी लिहिते, त्या कुठे गेल्या?

विसरले असतील, असं वाटेल तुम्हाला. नाही. अजित गेल्या आठवड्यात घरी येऊन सांगून गेला.

“आजी, भरतकाम तेवढं ठेवू या. भारदस्त वाटतं.”

“आणि बाकीचं काय, पत्र्याचं आहे?”

“तसं नाही हो. पण या वयात सिरीयलच्या गोष्टी, वर ते टॅब... लोक हसतात. एक काय ते धरा ना.”

एक काय ते धरा! गिरणी बंद पडल्यावर आमचे मालक, म्हणजे आरोहीचे आजोबा, घरी बसले, तेव्हा मी ठाकूरद्वारला बावीस वर्षं घरकाम केलं. दिवसाला सहा घरं. सहा घरांची भांडी, सहा तऱ्हेच्या मालकिणी. तेव्हा कुणी नाही म्हणालं, शेवंता, एवढं कशाला, एकच घर धर. सहा घरं सांभाळणाऱ्या बाईला तीन छंद जड होतील, ही काळजी तुम्हाला आताच बरी लागली?

करते कसं, ते सांगते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. सकाळी खिडकीत उजेड असतो तोवर सुई. दुपारी डोळे थकले की टॅब, त्यात चित्र पाहिजे तेवढं मोठं करता येतं. टॅब जुना आहे, माझ्या नातीचा, आरोहीचाच. एका कोपऱ्यात तडकलाय, पण चालतो. आणि संध्याकाळी कुकर लावला की गोष्ट, एका बोटाने. तिसऱ्या शिट्टीला थांबते. कथा कितीही रंगात आलेली असो, डाळ करपू देत नाही. तिन्ही कामं एकमेकांत अडकलेली आहेत. टॅबवर काढलेलं आरोही कागदावर छापून आणते. तो कागद मी सुईने टोचते, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ वरून फिरवते, की कापडावर छापा उठतो. यातलं एक सोडा म्हणजे नेमकं काय सोडू?

आता गोष्टींचं. रोज संध्याकाळची ती मालिका तुम्ही सगळे बघता. नाही म्हणू नका, भिंती पातळ आहेत, मला सगळ्यांचे टीव्ही ऐकू येतात. त्यात एक मोलकरीण होती. तीन वर्षं चहाचा ट्रे आणायची. तिला नाव नव्हतं. ‘अगं ए, चहा आण,’ एवढंच. एक दिवस ट्रे घेऊन दुसरीच बाई आली. त्या एवढ्या मोठ्या बंगल्यात एकाने विचारलं नाही, पहिली कुठे गेली? मी टीव्हीवर चप्पल उगारली.

आरोही म्हणाली, “आजी, टीव्हीचे हप्ते चालू आहेत. राग आला तर लिहून काढ. आम्ही लिहितो तसं. कुणाची आवडती मालिका असते, तिच्यातली माणसं घेऊन पुढची गोष्ट आपण रचायची. फॅन लोक लिहितात.”

मी म्हटलं, “फॅन असेल तुझा बाप. मी त्या मालिकेची तक्रारदार आहे.”

पण लिहिलं. त्या बाईला नाव दिलं, कालिंदी. गाव दिलं, बहीण दिली, गुडघेदुखी दिली. ट्रे ठेवून ती त्या बंगल्यातून बाहेर पडली आणि पुढे काय काय झालं, त्याचे एकोणसाठ भाग झालेत. फोनवर लोक वाचतात. चुका काढतात, भांडतात, पण पुढचा भाग मागतात. नाव द्यायची मला एवढी घाई का? ठाकूरद्वारच्या एका घरात मला अकरा वर्षांनी नाव विचारलं होतं. तेही बिल्डिंगने कामवाल्यांचे पास काढले म्हणून.

मग या हॉलसाठी कापड करायचं ठरलं. आपल्या जुन्या चाळीतल्या बायका भिंतीवर असाव्यात, ही तात्यांची कल्पना, आणि चांगली कल्पना. कमिटीने आठ नावं दिली. गिरणीच्या वाइंडिंग खात्यातल्या तिघी, खानावळवाली, सुईण, पहिली मॅट्रिक झालेली, सगळ्या योग्य. मी हिंदमाताला जाऊन कापड आणलं, आठही जणी भरल्या. उजव्या कोपऱ्यात जागा उरली. तिथे मी नववी बसवली. कालिंदी. हातात ट्रे नाही, पायात चप्पल, निघालेली. चेहरा सिरीयलच्या नटीचा घेतला नाही, तो तिचा तिला लखलाभ. एका खऱ्या बाईला तीन दुपारी समोर बसवलं आणि टॅबवर काढला.

रविवारी कमिटीची मीटिंग झाली. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते. ठरलं काय? नववी उसवायची. अजित म्हणाला, इतिवृत्तात आहे, मी वाचायला लावलं, ‘मोलकरीण, तीही सिरीयलमधली, आपल्या भिंतीवर कशाला? आपण कुठून कुठे आलो, ते पाहुण्यांना दिसायला हवं.’ सात हात वर गेले. सगळे.

बाबांनो, कुठून आलो ते पुसून टाकलंत, तर कुठे आलो ते मोजणार कशावरून? या हॉलमधल्या किती जणांच्या फिया दुसऱ्यांच्या मोरीवरून आल्या, हात वर करायला लावू का आता? नको. पाहुण्या आहेत.

पण मी या कमिटीला ओळखून आहे. आठ जणी मी साखळी टाक्यात भरल्यात. साखळीचं टोक सापडलं की ओढायचं, सरसर सुटते. नववीला जाणूनबुजून उलटी टीप घातली. ती ओढून सुटत नाही. एकेक टाका कापावा लागतो, आणि घाई केली तर कापड फाटतं. काल कुणीतरी प्रयत्न करून बघितलाय. मागून दोन टाके तुटलेत, मी हात फिरवून पाहिलं. जमलं नाही, म्हणून हा हार.

अजित, हार तू लावलास. मी जिन्यातून बघत होते, स्टुलावर तूच होतास. मला एक सांग, आपल्यात तसबिरीला हार कधी घालतात? माणूस गेल्यावर. आणि तू ज्या चेहऱ्याला तो घातलास, तो जवळून बघितलास का रे? हनुवटीवरचा तीळ बघितलास? डावी भुवई तुटकी आहे, ती बघितलीस? लहानपणी तूच लाटणं फेकून मारलं होतंस, त्याची खूण आहे ती. सेक्रेटरीसाहेब, ती तुझी आई आहे. पुढच्या रांगेत, तिसऱ्या खुर्चीवर बसलीय, धडधाकट.

होय, मीराबाई. ठाकूरद्वारला माझ्या वरच्या मजल्यावर तिची कामाची चार घरं होती, हे अख्ख्या जुन्या चाळीला ठाऊक आहे. मघाशी पाहुण्यांना अजितने सांगितलं, आई आधीपासून गृहिणी. चार घरांची गृहिणी होती ती, एवढंच सांगायचं राहिलं. तीन दुपारी माझ्यासमोर बसली. “शेवंते, नाक जरा बारीक कर गं,” म्हणाली. केलं नाही. दर गुरुवारी फोन करते, “कालिंदीचं पुढे काय? परत त्या बंगल्यात नाही ना जाणार?” माझी पहिली वाचक. आज खाली बसली असली तरी कमिटीत तीही आहे, आणि रविवारी वर गेलेला सातवा हात तिचा. लेकाच्या तोंडाकडे बघून केला असेल. पण केला.

तर शालीबद्दल, नारळाबद्दल आणि पाहुण्या मॅडमनी घड्याळ न बघता ऐकलं, त्याबद्दल आभार. बोलण्यात कुणाला टोचलं असेल तर सुईवालीचं बोलणं समजून सोडून द्या; जे खरं आहे ते मात्र सोडू नका. सन्मानपत्र मी परत ठेवतेय. तिन्ही कामं लिहून आणा, मग घेईन. नववी राहणार की जाणार, ते आता, सगळ्यांसमोर ठरायचं. माझी कात्री टेबलावर ठेवली आहे.

उत्तर तात्यांनी द्यायचं नाही. अजित, तू तर बसूनच राहा. आरोही, माईक तिसऱ्या खुर्चीकडे ने. मीराबाई, उठ. तो हार तुझ्या तोंडावर आहे, उत्तर तू दे.