पाताळाच्या दारातलं डाळिंब

चहा घ्या बायांनो, पण माह्यासमोर डाळिंबाचं नाव काढू नका. माही नात वैशू लग्न ठरल्यावर मले ग्रीस देशात फिरायले घेऊन गेलती, तवाची गोष्ट.

तिथं एका पडक्या देवळामागं अंधारी गुहा होती. दारात एक म्हातारी डाळिंबाचे दाणे वाटून राह्यली होती. आपल्या देवळी गावच्या बाजारातल्यासारखेच लालभडक. वैशू नको म्हणे, तं मीच म्हटलं, "देवाच्या दारातला प्रसाद हाय, नाई म्हणू नाई." तिनं हातावर घेतले अन् चार दाणे खाल्ले.

मंग आमच्यासंगची गाईड इंग्रजीत सांगे, अन् वैशू मले मराठीत सांगे.

"आजी, पाताळाच्या राजानं फुलं तोडणारी एक पोरगी पळवली अन् याच गुहेतून खाली नेली. तिच्या मायनं तिले सोडवलं, पण..."

"पण काय?"

वैशूनं आपल्या मुठीकडं पाह्यलं. "तिनं खालतं डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. म्हणून तिले दरसाल त्याच्या घरी जा लागे. बायको म्हणून."

गुहेतून थंडगार वारा आला. वैशूनं माहा पदर घट्ट धरला.

"आजी, म्या तं खाल्ले!"

"थुक लवकर!"

"गिळले ना!"

म्या तिच्या मुठीतले उरलेले दाणे घेतले अन् एका घासात गिळून टाकले.

"आजी! हे काऊन केलं?"

म्हटलं, "नवी नवरी सासरी एकटी कशी धाडू? पाठराखीण नाई लागत काय?"