माठ कुणी हलवला?

पालमहून परभणीला निघालेल्या एसटीत शुभदाबाई खिडकीशी बसल्या होत्या. पुढच्या सीटवर एक आजी होती आणि प्रयोगाची वही छातीशी धरून बसलेली तिची नात. विज्ञान प्रदर्शनाला निघालेल्या त्या दोघींचं बोलणं शुभदाबाईंच्या कानावर पडत होतं.

“आज्जी, खरं सांग. काळा माठ तू हलवलास?”

“व्हय. उन्हात तापायलता बिचारा. लिंबाखाली ठिवला.”

“आन् लाल माठ?”

“त्यो तितंच ऱ्हायला. दोन-दोन माठ उचलायला माझी कंबर हाय का?”

“अगं, मंग काळ्यातलं पाणी गार निघणारच! मी वहीत लिवलंय, काळा माठ चांगला.”

“गार तर निघालं ना?”

“तसं नसतं. पाणी सारखं, जागा सारखी, येळ सारखी पायजे. फक्त माठ येगळा. तवाच कळतं, करामत माठाची का सावलीची.”

“मंग तुझ्या सरला सांगू नगं. नंबर जाईल तुझा.”

“जाऊ दे.”

वाटेतलं पिंगळी गाव मागे पडलं, तशी आजी नातीकडे वळली.

“वैष्णवे, तुझी मोठी काकू परभणीत ऱ्हायची. दारात नळ. तुझी आई गावात हिरीचं पाणी वढायची. तरी मी दोघींना एकाच मापानं तोलायचे. तुझ्या आईला सुस्त म्हणायचे.”

“लय दिवस?”

“लय वर्सं.”

“मंग आता?”

“आधी तू सरला सांग. मंग घरी जाऊन मी तुझ्या आईला सांगते.”