शेवटी उभी असणारी

जपानमधल्या सेंदाई शहरातल्या बसमध्ये फुमिएच्या मागच्या सीटवर दोघी म्हाताऱ्या टीव्हीवरच्या मालिकेबद्दल बोलत होत्या. मालिकेत गाणाऱ्या-नाचणाऱ्या पाच मुलींपैकी एकीचा खून झाला होता.

"खुनी कोण असेल गं?"

"ती रांगेत शेवटी उभी असते ना, तीच."

"छे! गाण्यात धड एक ओळ मिळत नाही तिला. खून कोण देतंय!"

"म्हणूनच तर. वर्षानुवर्षं कडेला उभं राहून नुसतं हसायचं. मी असते तर दोघींना मारलं असतं."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"पण बाकीच्या रडत-ओरडत होत्या, तेव्हा हिने मेलेलीचे बूट उचलून दारात नीट लावले. आमच्या सासूबाई गेल्या, तेव्हा मीही तेच केलं होतं. दुसरं काही सुचलंच नाही."

"मग ती खुनी नाही म्हणतेस?"

"असो नाहीतर नसो, पोर गुणी आहे. नाव काय तिचं?"

"कुणाला ठाऊक!"

फुमिएचा स्टॉप आला. ती उठली आणि मागे वळली.

"चिनात्सु."

"अगंबाई, तुम्हीही बघता? मग सांगा, तिनेच केला ना खून?"

शेवट फुमिएला ठाऊक होता. शेवटचं शूटिंग आटोपलं त्या रात्री लेकीने फोनवर शपथ घालून सांगितला होता.

"ते नाही सांगायची मी. पण रविवारी बघाच."

आणि ओळखदेख नसलेल्या त्या दोघींपुढे कमरेत खोल वाकून ती उतरली.