नाकामुराचा मुहूर्त

जपानी माणूसही लग्नाला मुहूर्त बघतो, हे मला कुठे ठाऊक? आखातात, अस्कर गावच्या प्लांटवर नाकामुरा माझ्या हाताखाली होता. काम लांबलं म्हणून मी त्याची लग्नाची रजा दोन दिवस पुढे ढकलली, म्हणजे लग्नही. तो हळूच म्हणाला, "सर, तो दिवस चांगला नाही."

मी हसलो. "जपानी असून असलं मानतोस?"

त्याने मान झुकवली. खलास.

परतल्यावर त्याने फोटो दाखवला. देवळासमोर किमोनोतली जोडी, शेजारी रिकामी खुर्ची.

"ही कुणाची?"

"आजीची. दिवस चांगला नाही म्हणून ती आलीच नाही."

माझ्या मागे भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर होतं. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या मुहूर्ताला लाल गोल केलेला. त्या गोलाचा अर्थ नाकामुराला मीच समजावला होता.