कुंपणावरची ओली कोंबडी

नाही, मला एक सांगा, माणूस हिवाळ्याचे चार महिने स्वयंपाकघरातल्या मोडक्या खुर्चीत बसतो, उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या चढवतो, बँजोवर एकेक सूर शोधून वहीत उतरवतो, खोडतो, पुन्हा उतरवतो, बायको कानात कापूस घालून भाजी चिरते, कुत्रं घर सोडून अंगणात राहायला जातं... आणि एवढं सगळं करून चाल वाजवून दाखवली, तर समोरचा म्हातारा काय म्हणतो? “जावईबापू, छान. पण कोंबडी कुठंय?”

आता कोंबडी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, डेल्मर स्कूलबस चालवून चालवून कामातून गेला. ‘कुंपणावरची ओली कोंबडी’ ही चाल आहे. आमच्या ॲपलेशियन डोंगरातल्या या एवढ्याशा खोऱ्यात ती वाजायची, तीसुद्धा एकाच फिडलवर, म्हणजे आमच्याकडच्या व्हायोलिनवर, होबार्टमामांच्या. मामा म्हणजे माझ्या बायकोचे, वर्नाचे मामा, वय शहाऐंशी. गेल्या वर्षी झटका आला, डावा हात लुळा पडला, फिडल भिंतीवर गेलं. मग त्यांनी मला बोलावलं, तोंडानं चाल म्हणून दाखवली आणि म्हणाले, “ही माझ्याबरोबर पुरायची नाही. बँजोवर बसव, ऑगस्टच्या मेळ्यात वाजव, म्हणजे मी डोळे मिटायला मोकळा.” मला सांगतायत! त्या मेळ्याच्या स्पर्धेतनं एकोणीस वर्षं हात हलवत परत येणाऱ्या मला! तुम्हाला सांगतो, त्याच रात्री मी बँजो मांडीवर घेतला.

पण बँजोवर बसवायची म्हणजे काय गंमत आहे? फिडलचा गज ओढला की सूर लांबतो, बँजोचा सूर वाजला की मेला. म्हणून मधली जागा भरायला तीन बोटं गरागरा फिरवायची, तीन, तीन आणि दोन, एका फेरीत बरोब्बर आठ सूर. त्यात ती पाचवी तार. बुटकी, दांडीच्या मध्यावरनंच निघते, अंगठ्यानं छेडायची, आणि चाल कुठंही जाऊ दे, ही आपली एकच सूर धरून बसलेली... अगदी मामांसारखी.

आणि मामांच्या चालीत, दुसऱ्या भागाच्या शेवटी, एक ठोका जादा! दहादा मोजला. माझ्या आठाच्या फेरीत तो काही केल्या बसेना. म्हटलं, शहाऐंशी वर्षांचं माणूस, चुकत असेल, वडीलधाऱ्यांची चूक बोलून दाखवू नये, गुपचूप दुरुस्त करावी. दिला काढून. चाल कशी सुतासारखी सरळ झाली, मी मोठ्या ऐटीत वाजवली, आणि...

“छान. पण कोंबडी कुठंय?”

म्हटलं, सूर कमी पडले असतील. डिसेंबरात सूर वाढवले, जानेवारीत वेग वाढवला, इतका की डेपोतला ऑर्बी म्हणतो, “डेल्मर, पत्र्यावर गारा पडतायत का रे?” मामांनी डोळे मिटून ऐकलं, मला वाटलं झोपले, कसले झोपतायत! कुठंय, म्हणे. मग फेब्रुवारीत मी लाज सोडली, तारा नखीनं खरडून चक्क कॉक् कॉक् आवाज काढला. मामांनी वर्नाकडे बघितलं. “पोरी, याला बरं नाही का?” मग माझ्याकडे वळले. “पण कोंबडी कुठंय?” आता काय खुराडं उघडून दाखवू?

मार्चात एकदा मी असाच करवादून वाजवत होतो आणि वर्ना भट्टीतनं मक्याच्या पावाचा तवा काढत होती. तिचे पाय आपोआप चालायला लागले, आमच्याकडे सगळ्यांचेच लागतात, टाच, चवडा, टाच, चवडा. दुसरा भाग संपत आला आणि बाई अडखळली! तवा एकीकडे, पाव दुसरीकडे, आणि चार महिन्यांनी कुत्रं घरात.

“अहो, इथं पाय झटकायचा असतो. जागाच कुठं ठेवलीत तुम्ही?”

“कुणाचा पाय?”

“कोंबडीचा. भिजलेली कोंबडी कुंपणावर चढते आणि पाय झटकते. सगळं खोरं झटकतं. तुम्ही कधी बघितलं नाही?”

कसं बघणार? मामा ही चाल एकट्यानं वाजवायचे, कुणाची साथ नको, आणि तेवढ्यात मी बाहेर जाऊन तारा जुळवायचो. एरवी तीस वर्षं प्रत्येक नाचाला मी खुर्चीत, मान खाली, नजर स्वतःच्या बोटांवर. लोक नाचतात हे नुसतं ऐकून होतो.

मग काय... पोतंभर सूर उपटून फेकले. जादा ठोका परत आणला, आणि तिथं बाकीची बोटं गप्प, नुसता अंगठा, नुसती ती बुटकी तार. टिंग. चार महिने मी भरत होतो हो, आणि कोंबडी बसली होती रिकाम्या जागेत. मामांना मात्र ऐकवली नाही. म्हटलं, आता मेळ्यातच.

ऑगस्ट. परीक्षक बंद गाडीत, वाजवणारा दिसू नये म्हणून. मामा पुढे, घडीच्या खुर्चीत. वाजवायला लागलो, पहिला भाग, दुसरा भाग, बोटं थांबली, टिंग... आणि मामांनी उजवा बूट उचलून झटकला. दुसऱ्या फेरीत त्यांच्या रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी झटकला. तिसऱ्या फेरीत, खोटं नाही सांगत, मैदानभर चारशे पाय हवेत, आणि हा कसला धडाका म्हणून परीक्षक दार उघडून बाहेर!

पहिला नंबर. एकोणीस वर्षांनी निळी फीत. वर्ना रडली, मीही रडलो, त्यात लाज कसली? फीत नेऊन मामांच्या शर्टाला टाचली. त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं. “आली, जावईबापू. कोंबडी आली.” बराच वेळ सोडेनात. मग फितीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“छान. पण कुंपण कुठंय?”

तर सध्या मी कुंपण शोधतोय. वर्ना म्हणते, सापडलं तरी लगेच सांगू नका, तेवढेच मामा टिकतील.