बाबांची व्हीलचेअर

दान केलं की पुण्य लागतं, हे मला सांगू नका. चहा तरी सुखाने पिऊ द्या.

बाबा गेल्यावर त्यांची व्हीलचेअर मी भाईंदर पश्चिमेच्या एका मंडळाला दिली. म्हटलं, कुणा गरजूला होईल. त्यांनी पाठीवर बाबांचं नाव रंगवलं, मला शाल-श्रीफळ दिलं. मीही फोटो स्टेटसला ठेवला.

गेल्या महिन्यात आई बाथरूममध्ये पडली. पाय प्लास्टरमध्ये. मी मंडळात धावलो, तर खुर्ची समोरच, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली!

"बाबांची आहे, नेतो," म्हटलं.

सेक्रेटरी म्हणतो, "ऐसे कैसे? संडे को वाटप है. साहब के हाथ से मिलेगी."

"अहो, आईला उद्या डॉक्टरकडे न्यायचंय!"

"संडे को उनको भी लेके आना. फोटो में लाभार्थी चाहिए ना."

डॉक्टरकडे नेताना आईला घरातल्या खुर्चीवर बसवून आम्ही जिना उतरवला. रविवारी मंडपात नेलं, करतो काय? माइकवाला ओरडला, "आजी, साहेबांना हात जोडा!" आईने जोडले.

घरी आल्यावर ती पलंगावर बसून खुर्चीवरचा साहेबांचा स्टिकर नखाने खरवडत राहिली. खालून बाबांचं नाव निघालं.

मग म्हणाली, "हे होते तोवर मला कुणापुढे हात जोडावे लागले नाहीत रे. आज ह्यांच्याच खुर्चीसाठी जोडले."