मागं राहणाऱ्याचे पाय

— नाही भावजी, अजून नाही. छाती हालतेय त्याची, बघा ना वाकून. आधी ती कुऱ्हाड दाराबाहेर ठेवा. जित्या माणसाच्या उशाशी आणतं का कुणी? धाकटे दीर म्हणून गप्प बसते, दुसरा असता तर मुसळच घातलं असतं टाळक्यात — बसा. ऐकू येतंय मला, बैलांवर ओझी लादून झाली, सगळी वस्ती खोळंबलीय माझ्या लेकासाठी, कांदरसाठी. खोळंबू दे. मेल्यावर पाय तोडायचे, घरातच पुरायचं, म्हणजे माणूस घर सोडून जात नाही — ही आपलीच रीत, मी कुठं नाही म्हणते? तुमच्या भावाचे तोडले तेव्हा मीच धरले होते की. पण तेव्हा घर होतं, भावजी! ते खाली, आम्ही वर. आता आम्हीच चाललो, मग हा कुणाच्या सोबतीनं राहणार?

नदीनं केलं सगळं. मी नवी नवरी होते तेव्हा पूर उंबऱ्याशी यायचा, आणि सासूबाई शिव्या घालायच्या त्याला — मेल्यानं पीठ भिजवलं म्हणून! मागं गाळ ठेवून जायचा, त्यात जव कमरेएवढे वाढायचे. शिव्या घातल्या म्हणून का कुणी इतकं रुसतं? पाऊस आटला, पूर थांबला, चौकोनी घरं मोडली, ही गोल खोपटी आली, आणि आता बोरं खाऊन दिवस काढतोय. कांदर तेवढा चिवट. पाट खोल करतो म्हणाला, पाणी जातंय कुठं — खणत गेला, खणत गेला — आणि वाळूखाली काय लागलं, ठाऊक आहे ना? चूल. राख तश्शी. पाटा-वरवंटा. आपल्याआधीची कुणी माणसं, त्यांचीही नदी अशीच गेली असणार. आणि चुलीपाशी एकजण निजलेला, नुसती हाडं — पाय नाहीत. घरी येऊन हसत सांगतो कसा, आई, बाकीचे गेले गं, हा अजून इथंच आहे. त्याच रात्री ताप भरला.

बैलावर घालून नेऊ म्हटलं, तर म्हातारा कारभारी म्हणतो, वाटेत मेला तर धड पायांनी मागं येईल, आणि त्याच्यामागं हा दुष्काळ. येईल का हो? — येईल. माझं बोट सोडून कधी राहिलाय तो? मला भीती वाटते, भावजी. पोटच्या पोराची भीती वाटते.

काय? हो, ओठ हालतायत. पाणी मागतोय. कालपासून मागतोय — नको, त्या मडक्याला हात लावू नका! ते इरीचं आहे, त्याच्या पोरीचं. वाटेत काय पाजू तिला? नदीतलं डबकं तर ढोरंही हुंगत नाहीत. असं काय बघता? मी काही केलं नाही. नुसतं दिलं नाही. तो जावा म्हणून नव्हे — आणि समजा — समजा, आपण निघायच्या आधीच गेला, तर जित्यावर तर घाव पडणार नाही ना तुमचा?

उठा. बाहेर बसा, असं तोंड करून माझ्यापुढं बसू नका. हाक मारते मी. आता फार वेळ नाही लागायचा. इरीला तुमच्या बैलावर बसवा, उन्हं चढायच्या आत निघू आपण.